गणित अडलं की मैत्रिणीला नेमकं विचारायचं काय? (दहावी, वर्गसमीकरण)

केळीपट्टा_दहावी

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, यंदा दहावीला आहे, मराठी मीडियम. फोन पप्पांचा आहे म्हणून रिप्लाय उशिरा आला तर राग नका मानू, रात्रीची लाईट असली की ते मोटर चालू करायला मळ्यात जातात आणि फोन पण त्यांच्यासोबत जातो.

तर आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गृहपाठ मिळाला की रात्री नऊ साडेनऊला एक मुलगा सगळी उदाहरणं सोडवलेल्या वहीचा फोटो टाकतो, खाली पटापट अंगठे पडतात आणि सगळे उतरवून मोकळे. मी पण उतरवते, खोटं कशाला बोलू. मागच्या आठवड्यात त्याचा ७ घाईत १ सारखा निघाला होता तर अर्ध्या वर्गाच्या वहीत १ आला, सरांनी वह्या बघितल्या, काहीच बोलले नाही, फक्त एकेकाला उठवून तेच गणित फळ्यावर करायला लावलं. दुसरा नंबर माझा होता. मला "समजा" च्या पुढे काही लिहिता आलं नाही, खडू हातात घेऊन नुसती उभी.

त्या दिवसापासून ठरवलं की उतरवायचं नाही. पण मग अडल्यावर करायचं काय? ग्रुपवर "मला हे समजलं नाही" टाकलं तर परत तोच पूर्ण फोटो येतो नाहीतर "अगं सोप्पं तर आहे". एका मैत्रिणीला फोन केला तर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत धाडधाड सांगितलं आणि म्हणे समजलं ना, मी म्हटलं हो. नव्हतं समजलं.

आत्ता अडलेलं गणित हे आहे. एका शेतकऱ्याने ६००० रुपयांची केळीची टिश्यूची रोपं घेतली. एक रोप ५ रुपयांनी स्वस्त असतं तर तेवढ्याच पैशात १०० रोपं जास्त आली असती, तर एका रोपाची किंमत किती. मी किंमत क्ष धरली. आधीची रोपं ६०००/क्ष, नंतरची ६०००/(क्ष−५), फरक १००. म्हणून लिहिलं ६०००/क्ष − ६०००/(क्ष−५) = १००. सोडवत गेली तर क्ष² − ५क्ष + ३०० = ० आलं आणि त्याचे अवयवच पडत नाहीत. सूत्राने केलं तर मुळाच्या आत २५ − १२०० म्हणजे उणे ११७५. तीनदा केलं, तीनदा तेच.

उत्तर नका सांगू प्लीज. मला हे कळायला पाहिजे की अशा वेळी दुसऱ्याला विचारायचं कसं.

भुसावळ_जंक्शन

बेटा, तुला विचारता येत नाही असं तू म्हणतेस पण तू तर एकदम बरोबर विचारलंस! क्ष काय धरला, समीकरण कुठलं मांडलं, कुठपर्यंत आली, कुठे अडली, सगळं लिहिलं. त्यामुळे मला तुझी चूक दुसऱ्या मिनिटाला दिसली. "समजलं नाही" एवढंच लिहिलं असतंस तर मी पण पूर्ण फोटोच टाकला असता ना, दुसरं काय करणार, समोरच्याला काय समजलं नाही ते आपल्याला कसं कळणार.

आता इशारा देतो, उत्तर नाही देत. क्ष जाऊ दे बाजूला. रोप १० रुपयाला आहे असं धर. ६००० मध्ये किती येतील? आता ५ ला झालं, किती येतील? ते दोन आकडे तुझ्या समीकरणात ज्या जागी आहेत त्या जागी टाकून बघ आणि वजाबाकी कर.

धुये_ना_भाऊ

बहीण, माले गणित कधीच उनं नही, पन फळ्यावर खडू धरीसन उभं राहानं ते माले चांगलं माहीत शे 😂 मी तर तीन साल उभा व्हतो.

केळीपट्टा_दहावी

काका १० ला ६०० रोपं आणि ५ ला १२००. वजाबाकी ६०० − १२०० = उणे ६००.

अरे देवा. स्वस्त झाल्यावर रोपं जास्त येतात तर मोठा आकडा (क्ष−५) वाला आहे, तो आधी पाहिजे. मी उलटं लिहिलं!! म्हणजे ६०००/(क्ष−५) − ६०००/क्ष = १००. थांबा करून बघते.

क्ष² − ५क्ष − ३०० = ०. नुसतं एक चिन्ह बदललं. (क्ष − २०)(क्ष + १५) = ०. क्ष = २०!! पडताळा, २० ला ३०० रोपं, १५ ला ४००. आलं 🙏🙏 उणे १५ सोडून दिलं, किंमत उणे नसते.

फोटोवाला

मी जळगावला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे आणि दहावीत असताना आमच्या वर्गाचा फोटो टाकणारा पोरगा मीच होतो म्हणून त्याच्या बाजूने बोलतो थोडं, त्या पोराला व्हिलन नका करू. फोटो टाकायला एक मिनिट लागतो आणि एकाला समजवायला पाऊण तास, आणि ग्रुपवर पन्नास पोरं आहेत भो. वर नाही टाकला तर "भाव खातो" हे पण ऐकायचं. मी दोन वर्षं टाकले, मला वाटायचं मी लय मदत करून राहिलो सगळ्यांना. नंतर बारावीला एका मित्राने मला एकट्याला विचारलं की तू इथे दोन्हीकडे वर्ग का केला, आणि मला सांगताच आलं नाही, म्हणजे करायचं माहीत होतं पण का ते कधी विचारच केला नव्हता कारण फोटोला कोणी प्रश्न विचारत नाही ना. त्या दिवशी कळलं की आपलं पण अर्धं कच्चंच आहे.

तर माझं म्हणणं, त्या मुलाला ग्रुपवर नको, वेगळा मेसेज टाक. आणि असा टाक की त्याला एका ओळीत उत्तर देता येईल. "या ओळीवरून या ओळीवर कसा गेलास?" बस. असा प्रश्न आला की आमच्यासारख्याला पण मजा येते.

आणि ते उणे १५ एवढ्या लवकर फेकू नको, त्यात गंमत आहे. उणे काढून टाकलं तर १५, आणि तुझी स्वस्त किंमत पण १५. हेच गणित उलटं घाल, म्हणजे रोप ५ ने महाग झालं आणि १०० कमी आली, आणि बघ कुठलं समीकरण येतं आणि काय उत्तर येतं. त्या बिचाऱ्या समीकरणाला माहीत नसतं ना तू कुठलं गणित विचारून राहिली, ते दोन्हीची उत्तरं देऊन टाकतं.

चोपड्याच्या_मॅडम

मी गणित शिकवते म्हणून जरा वेगळं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. वरच्या सगळ्यांनी विचारायचं कसं ते सांगितलं, पण विचारायचं कधी ते कोणी सांगितलं नाही. माझ्या मुली गणित वाचतात, दोन मिनिटं पेन चावतात आणि "मॅडम नाही येत". दोन मिनिटांत अडणं याला अडणं म्हणत नाहीत! या मुलीने तीनदा सोडवलं, सूत्र लावून बघितलं, मुळाच्या आत उणे येतंय हे ओळखलं, म्हणून एका इशाऱ्यात सुटलं. कोरी वही घेऊन आली असती तर तोच इशारा वाया गेला असता. त्यामुळे आधी निदान पंधरावीस मिनिटं एकटीने झगड आणि खोडलेलं फाडू नको, खोडलेलंच दाखवायचं असतं.

आणि उणे ११७५ बद्दल. मुळाच्या आतली संख्या म्हणजे विवेचक, तो ऋण आला की वास्तव मुळं नाहीत हे पुस्तकात आहेच. पण शाब्दिक उदाहरणात विवेचक ऋण आला तर आधी मांडणीवर संशय घ्यायचा, आकडेमोडीवर नाही. तू तीनदा आकडेमोड तपासलीस, ती तिन्ही वेळा बरोबरच होती.

फोटो उतरवणाऱ्यांना एवढंच सांगेन की भाग १ चा पेपर ४० चा आणि भाग २ चा ४० चा, प्रत्येकी दोन तास, आणि तिथे ग्रुप नसतो. शाळेच्या हातातले २० मार्क वही छान ठेवून मिळतीलही. पेपरात मात्र पायऱ्यांना मार्क असतात, पहिली ओळ "समजा रोपाची किंमत क्ष रु." एवढी जरी नीट लिहिली आणि समीकरण बरोबर मांडलं तरी पुढे चुकल्यावर सगळे मार्क जात नाहीत.

फोनवर शिकण्याचं मला फारसं पटत नाही. गल्लीत दहावीच्या तीन मुली तरी असतीलच, एका ओट्यावर बसा, गणित एकच घ्या, आणि जिला आलंय तिने पेन हातात धरायचं नाही, पेन जिला येत नाही तिच्याच हातात. ज्याच्या हातात पेन तोच शिकतो, बाकीचे माना डोलवतात.

धुये_ना_भाऊ

मॅडम आमना ओटावर पेन कोनाच हातमा नसे, पत्ता राहेत 🙈

पाटणादेवी_पायथा

धागा उशिरा बघितला. मी चाळीसगावचा, आमच्याकडे पाटणला कोणी आलं तर देवीचं दर्शन आणि जंगल बघून जातात पण देवळातला शिलालेख फार कमी लोक बघतात. त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला, आणि इथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेव राजाने त्याला जमीन अन उत्पन्न लावून दिलं. शके ११२८ चा काळ, म्हणजे आठशे वर्षं होऊन गेली. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचं गाव कुठलं यावर भांडत बसणारे भांडोत, पण आपल्या खान्देशात पोरांनी एकत्र बसून गणित शिकावं म्हणून कोणीतरी जमीन दिली होती ही गोष्ट दगडावर आहे.

केळीवाल्या ताईसाठी भास्कराचार्यांच्याच लीलावती ग्रंथातलं एक गणित देतो, बैठकीला घ्या. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून २७ हातांवर आहे आणि बिळाकडे सरळ येतोय. मोराने बघितलं आणि तिरकी झेप घेतली. दोघांनी कापलेलं अंतर सारखं. बिळापासून किती हातांवर मोराने साप धरला? चित्र काढल्याशिवाय हात लावू नका.

केळीपट्टा_दहावी

सगळ्यांना खूप थँक्यू, पाच दिवस फोन मिळाला नाही, आमच्याकडे केळीची कटाई चालू होती.

मॅडमचं ऐकलं. आमच्या गल्लीत तिघी आहोत, शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसतो, काकू मध्ये मध्ये भरताची वांगी निवडायला बसवतात ते वेगळं. रोपांचं गणित मी एकीला समजवलं, पेन तिच्याच हातात. लय जीव जातो हो, हात शिवशिवतो की दे इकडे मी करते. तिने पण सेम टू सेम माझीच चूक केली, उलटी वजाबाकी! मी काही बोलली नाही, फक्त म्हटलं क्ष ला १० धर. पण नंतर तिने विचारलं की छेद काढताना दोन्हीकडे क्ष(क्ष−५) ने का गुणायचं, आणि मला पटकन सांगताच येईना. फोटोवाला दादा, तुमची आठवण आली. मग तिसरीने सांगितलं, १/२ आणि १/३ घेऊन सांगितलं, तेव्हा दोघींना समजलं.

फोटो टाकणाऱ्या मुलाला वेगळा मेसेज केला, एका ओळीबद्दलच विचारलं. त्याने तीन दिवसांनी दोन शब्दांत उत्तर दिलं आणि पुढे लिहिलं की ती ओळ त्याचीच चुकली होती. ग्रुपवर मात्र फोटो चालूच आहे.

उणे १५ चं पण उलटं करून बघितलं. महाग झालं तर ६०००/क्ष − ६०००/(क्ष+५) = १००, त्यातून क्ष² + ५क्ष − ३०० = ०, आणि उत्तरं १५ आणि उणे २०. चिन्हं नुसती अदलाबदल! हे मी सरांना दाखवणार आहे.

मोराचं गणित. बिळापासून क्ष हातांवर धरला असं मानलं. साप चालला २७ − क्ष. मोराची झेप म्हणजे कर्ण, खांब ९, पाया क्ष. तर ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². आम्ही तिघी घाबरलो की आता परत वर्गसमीकरण, पण दोन्हीकडचा क्ष² उडूनच गेला. ५४क्ष = ६४८, क्ष = १२. मोर १५ उडाला, साप १५ सरपटला. चित्र माझ्या मैत्रिणीने काढलं, तिच्या मोराची कोंबडी झाली होती पण त्रिकोण बरोबर होता.

अजून एक विचारायचं होतं श्रेढीमधलं, ते उद्या लिहिते, आधी माझं कुठपर्यंत आलं ते वहीत नीट करून. लाईट आली, पप्पा फोन मागून राहिले.