प्रतिसाद: डिझास्टरमधला तारा

अवकाशातले शब्द परीक्षेपुरतेच, रोजच्या इंग्रजीत त्यांचा काय उपयोग, हे मत नाही पटलं. ग्रीकमध्ये 'ॲस्टर' म्हणजे तारा. तेवढं कळलं की ॲस्ट्रॉनॉट म्हणजे ताऱ्यांचा खलाशी, हे आपोआप उलगडतं. ॲस्टेरॉइड (लघुग्रह) म्हणजे ताऱ्यासारखा. दुर्बिणीतून ते नुसते ठिपके दिसत म्हणून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1802 मध्ये हा शब्द वापरला. ॲस्टेरिस्क, म्हणजे * हे चिन्ह, त्याचा अर्थ छोटा तारा. (मी कित्येक वर्षं 'ॲस्ट्रिक्स' म्हणायचो, मूळ कळल्यावर जीभ वळली.)

आणि रोजच्या वापरातला डिझास्टर? त्यातही तोच तारा, पण प्रतिकूल. आपण 'ग्रह फिरले' म्हणतो ना, अगदी तेच! हा शब्द मला पाठ करावाच लागला नाही.