आई गेल्यावर घर बदलतोय, तिच्या स्वयंपाकघराचं काय करू?

बाळीवेसकरीण:
आई श्रावणात गेली. त्याच्या आधीच जुळे सोलापूरला फ्लॅट बुक केलेला, तिनंच पसंत केला होता, ओट्यावर सकाळचं ऊन येतं म्हणून. आता ताबा मिळालाय आणि अप्पांना दिवाळी झाली की जायचंय, म्हणतात संध्याकाळी हे घर खायला उठतं. पण माझा पाय निघत नाहीये. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातनं निघाल्या की आमच्या गल्लीच्या तोंडावरनं जातात, आई आदल्या रात्री अप्पांची बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पोशाख, नीळ घालून, इस्त्री करून ठेवायची आणि पहाटे रस्त्यापर्यंत रांगोळी काढायची. निदान यंदाची यात्रा इथं करून निघावं असं वाटतंय. त्यात आत्या म्हणते वर्ष झाल्याशिवाय वास्तुशांत करायची नाही.

बाकी घर आवरत आलंय, स्वयंपाकघरात गेलं की मात्र काही सुचत नाही. फरशीत बसवलेलं उखळ आहे, शेंगाची चटणी ती त्यातच कुटायची, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो, तेल सुटत नाही म्हणायची. तिच्या हातची शेवटची चटणी अजून बरणीत आहे. खाववत नाही आणि टाकवत तर अजिबात नाही. कुणी यातनं गेलंय का?

होटगीरोड:
ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडं वडील गेल्यावर हाच प्रश्न आला होता, आम्ही देव नेले, दूध उतू घातलं आणि राहायला गेलो, वास्तुशांत वर्ष झाल्यावर केली. प्रत्येक घराची रीत वेगळी असते, तुमच्या गुरुजींना विचारा, पण वास्तुशांत आणि राहायला जाणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा. यात्रेसाठी अप्पांना थांबवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, दिवसभर घरात तेच असतात. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाला, संमती कट्ट्यावर अख्खं सोलापूर येतं की, जुळे सोलापूर काय लांब आहे का.

दाजीपेठ_सूनबाई:
मला नाही पटत. जानेवारी काय लांब आहे, पोरीला पण निरोप घेऊ द्या की त्या घराचा. अप्पांना तोवर संध्याकाळी कुणाच्या तरी घरी किंवा तळ्यावर फिरायला पाठवा.
आणि स्वयंपाकघर एकटीनं आवरू नका हो. मावशी असेल तर तिला बोलवा, तिला त्या डब्यातला डबा माहीत असतो, ती बोलत राहते आणि हात चालत राहतात, मध्येच दोघी रडता, ते पण व्हायलाच पाहिजे. मसाल्याचा डबा आहे तसा न्या, रिकामा करून घासू नका. नेसायच्या इरकली मावश्या-आत्यांना द्या, मऊ झालेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या, आमच्या सासूबाईंच्या साड्यांची वाकळ माझी पोरं अजून ओढाओढी करून घेतात. चटणी मात्र ठेवू नका, शेंगदाण्याचं तेल खवट होतं. आजच वास घेऊन बघा, चांगली असली तर अप्पांना कडक भाकरी-दही आणि ती चटणी वाढा, तुम्ही पण बसा.

कसब्यातला:
उखळ निघतं. गवंड्याला सांगा कडेची फरशी आधी छिन्नीनं मोकळी करायची, दगडावर घाव घालायचा नाही, नाहीतर तडा जातो. आमचं खालून ओबडधोबड निघालं, सरळ उभंच राहीना, मग लाकडी चौकट करून घेतली. फ्लॅटमध्ये खाली जाड गोणपाट घाला, टाइल फुटते आणि खालच्या मजल्यावर दणका जातो. अजून एक, गॅसचं कनेक्शन आईंच्या नावावर असेल तर पत्ता बदलायच्या आधी नाव बदलून घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती काढून ठेवा, सगळीकडं लागतात.

बाळीवेसकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. चटणी चांगली होती. अप्पा न बोलता जेवले आणि परत वाढ म्हणाले. गॅस आईच्याच नावावर आहे, बरं झालं सांगितलंत. मावशी रविवारी अक्कलकोटहून येतेय. अप्पांशी बोलले, यात्रेपर्यंत थांबायला तयार आहेत, पण देव्हारा आणि भांडी दिवाळीनंतर हलवायला सुरुवात करायची या अटीवर. कसब्यातला दादा, तुमच्या त्या गवंड्याचा नंबर मेसेजमध्ये द्याल का?