सेवा क्षेत्र खुलं करायचं, पण यादी कुठली: 'एवढंच खुलं' की 'एवढंच बंद'?

हिंजवडीकर:
वस्तूंचा करार समजायला सोपा, आयातशुल्क उतरवलं की झालं. सेवेला बंदरच नसतं. तिला अडवतात ते परवाने, व्हिसा आणि पदवीची मान्यता. म्हणून कुठल्या सेवा खुल्या नि कुठल्या बंद, याच्या याद्या देश करारात देतात. ऑस्ट्रेलियाशी आपला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात आपली यादी 'लिहिलंय तेवढंच खुलं' अशी, त्यांची 'लिहिलंय तेवढंच बंद, बाकी सगळं खुलं' अशी. पाच वर्षांत आपणही त्यांच्या पद्धतीवर यायचं कबूल केलंय. माझ्या मते हे चांगलंच झालं.

टिळक रोडचा सीए:
साफ असहमत. 'एवढंच बंद' यादीत जे लिहायचं राहिलं, ते कायमचं उघडं. २००५ साली बसून कुणी 'मोबाइलवरून जेवण घरपोच' असं यादीत लिहिलं असतं का? जो धंदा अजून जन्मलाच नाही, त्याचं दार आजच काढून ठेवायचं!

हिंजवडीकर:
काका, अशा करारांत सहसा दोन जोडपत्रं असतात. पहिल्यात आजचे निर्बंध. दुसऱ्यात अशी क्षेत्रं, जिथे उद्या नवे निर्बंध घालायची मुभा देश राखून ठेवतो. तुमची भीती त्या दुसऱ्यात बसते की.

बाणेरवाली:
याद्यांचं तुम्ही बघा, मी बिलाचं सांगते. आमची २२ जणांची कंपनी, क्लायंट मेलबर्नचा, काम सगळं बाणेरच्या ऑफिसात बसून. तरी तांत्रिक सेवा म्हणून त्यांच्याकडे कर कापला जायचा. दर महिन्याला पैसे कापूनच हातात, आणि मग सीएला धरून ती रक्कम इथल्या करातून वजा करून मागत बसायचं. या कराराबरोबर ऑस्ट्रेलियाने स्वतःचा कायदा बदलला आणि ते कापणं थांबलं. आम्हाला खरा फायदा झाला तो हा, आणि तो यादीत कुठेच नव्हता.

सदाशिवपेठी:
आणि याच करारातले योगशिक्षक नि आचारी? ऑस्ट्रेलियात जायला दोघांना मिळून वर्षाला १८०० जागा. रविवारी सिंहगडावर याहून जास्त माणसं भजी खातात.

ससूनजवळची:
माझी मामेबहीण नर्स आहे, म्हणून हे जवळून पाहिलंय. सिंगापूरशी आपला करार २००५ चा. एकमेकांच्या नर्सिंगच्या पदव्या मानायच्या, यावर सह्या झाल्या २०१८ मध्ये. तेरा वर्षं! तोवर यादीत 'खुलं' लिहिलेलं घेऊन काय करायचं, फ्रेम करून भिंतीवर लावायचं?

टिळक रोडचा सीए:
ताई, माझाही मुद्दा तोच. आपली माणसं त्यांच्या परवान्यांवर अडकणार आणि आपण मात्र सही करून हात बांधून घेणार.

हिंजवडीकर:
हात त्यांचेही बांधले जातात ना. सरकार बदललं म्हणून उद्या उठून नवी अट घालता येत नाही. पाच वर्षांचं कंत्राट घेणाऱ्याला तेवढी खात्री पुरते. मान्यतेचं गाडं अडतं ते दोन्हीकडच्या परवाने देणाऱ्या परिषदांमुळे, काका. त्यात तुमचीही संस्था आली. 😄

टिळक रोडचा सीए:
ऑडिटवर सही आमच्या सभासदाचीच, यावर मी हटणार नाही. पण ते दुसरं जोडपत्र भरायला आपल्याकडून कोण बसलंय ते सांगा. आमच्या शाखेत आजवर कुणी विचारायला आलेलं नाही.

बाणेरवाली:
आमच्याकडेही नाही.