नाशिक–सिन्नर रोजच्या प्रवासासाठी छोटी इलेक्ट्रिक गाडी: कॉमेट, टियागो की पंच?

प्रश्न (गंगापूर रोड)

नमस्कार. मी आठवड्यातून सहा दिवस सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी जातो आणि जाऊन-येऊन साधारण ६६ किलोमीटर होतात. जुन्या गाडीच्या पेट्रोलवर महिन्याला साडेअकरा हजारांपेक्षा अधिक खर्च होऊ लागल्याने इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे घरात ठरले आहे. विमा, नोंदणी धरून साडेदहा लाखांची मर्यादा आहे. एमजी कॉमेट, टाटा टियागो ईव्ही (१९.२ किंवा २४ किलोवॅट-अवर बॅटरी) आणि फारच ताणले तर पंच ईव्हीची २५ किलोवॅट-अवरची गाडी, इतके पर्याय समोर आहेत. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि तिला घेऊन महिन्यातून एकदा ठाण्याला बहिणीकडे जावे लागते. माहितीपत्रकांतील आकडे वाचून गोंधळ वाढलाच आहे. आपण कसे ठरवले असते?

उत्तर (गोदाकाठ)

माहितीपत्रकातील किलोमीटर आधी बाजूला ठेवा. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २५० आणि ३१५ किलोमीटर असे आकडे जाहीर झाले होते, पण ते ठरावीक पद्धतीच्या प्रमाणित चाचणीतले. त्यात वैशाखातला एसी नसतो आणि मागच्या सीटवर पाहुणेही नसतात. माझ्याकडे १९.२ची टियागो आहे. शहरात मला दीडशेच्या आसपास मिळतात आणि सिन्नर रस्त्यावर ताशी ऐंशीने सलग चालवली तर त्याहून थोडे कमी. तुमच्या रोजच्या ६६ किलोमीटरला यादीतली कोणतीही गाडी पुरेल, त्यामुळे खरा प्रश्न ठाण्याचा आहे.

नाशिकहून ठाणे सुमारे १४५ किलोमीटर. जाताना कसारा घाट उतारावर असल्याने ब्रेक लावताना वीज बॅटरीत परत जाते आणि मन खूश होते. परतताना तोच घाट चढताना टक्के डोळ्यांदेखत घसरतात. म्हणून हिशेब नेहमी परतीचा करावा. १९.२च्या बॅटरीवर मी हा प्रवास न थांबता करणार नाही. २४ची टियागो किंवा पंच असेल तर इगतपुरीच्या अलीकडे-पलीकडे एक थांबा पुरतो, कारण दोन्हींना सार्वजनिक केंद्रांवरच्या जलद (डीसी) चार्जिंगची सोय आहे आणि टियागो त्यावर दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत सुमारे तासाभरात जाते. कॉमेटला ती सोय नाही. तुमच्यापुरता तो पर्याय तिथेच संपतो असे मला वाटते.

उत्तर (जुना पंचवटीकर)

कॉमेटची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. तीन मीटरपेक्षा किंचित आखूड असलेली ही गाडी रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या गल्ल्यांत जिथे शिरते, तिथे दुसरी मोटार शिरत नाही, शिवाय १७.३ किलोवॅट-अवरच्या बॅटरीमुळे ती घरच्या सॉकेटवर रात्रभरात निवांत भरते. मात्र तिला दोनच दारे आहेत आणि मागे बसायचे तर पुढची सीट सरकवून वाकून आत जावे लागते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना हा व्यायाम नको. त्यामुळे गोदाकाठ यांच्याशी मी सहमत आहे, फक्त कारण वेगळे.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना कोणी पुढे केली तर कागदपेन्सिल घेऊन बसा. किलोमीटरमागे अडीच रुपयेच भाडे धरले, तरी तुमच्या महिन्याच्या १,७१६ किलोमीटरचे ४,२९० रुपये होतात, वीज वेगळी. ज्याचे धावणे कमी, त्यालाच ती योजना परवडते, आणि त्यातही किमान किलोमीटरची अट असली तर त्यालाही नाही.

उत्तर (इंदिरानगर, सोसायटीचा सचिव)

गाडीच्या आधी सॉकेट. आमच्याकडे एका सभासदाने गाडी आणली आणि मग कळले की तळमजल्यावरील अर्थिंग निकामी आहे. चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसला. सोसायटीची लेखी परवानगी, स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पुरेशा जाडीची केबल, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग, एवढे झाल्यावरच बुकिंगचे पैसे भरा.

विजेचेही गणित सांगतो. तुमच्या धावण्याला चार्जिंगमधील गळती धरून महिन्याला अडीचशे युनिट लागतील. घरचा वापर १८० युनिटांचा असेल, तर १२० युनिट तीनशेपर्यंतच्या टप्प्यात बसतात आणि उरलेले १३० वरच्या महाग दराने लागतात. म्हणून ‘एवढ्या रुपयांत एक किलोमीटर’ हे विक्रेत्याचे वाक्य आपल्या बिलावर ताडून पाहा. तरीही पेट्रोलच्या तुलनेत बचत मोठीच राहते. अजून एक: कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची प्राप्तिकर वजावट मिळते असे कोणी सांगितले तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. जीएसटी मात्र इलेक्ट्रिक गाड्यांवर पाच टक्केच आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कॉमेट यादीतून काढली. आईला काल टियागो आणि पंच या दोन्हींत बसवून पाहिले. पंचची सीट उंच असल्याने तिला चढउतार सोपी वाटली, पण ती घेतली तर मर्यादा ओलांडली जाते, म्हणून २४ची टियागो आणि पंच यांत अजून घोळ आहे. शनिवारी वायरमन अर्थिंग पाहायला येणार आहे. बुकिंग त्यानंतरच.