गीतातला ‘भरीचा शब्द’ आणि पालुपद

‘भरीचा शब्द’ हा शेरा गीतांवर सर्रास मारला जातो. मूळ अर्थ सरळ आहे: चरणात मात्रा कमी पडल्या, की जागा भरायला घातलेला, अर्थाला काहीच न देणारा शब्द. संस्कृतात च, तु, हि, वै यांच्याकडे हे काम असे आणि त्याला पादपूरण असं भारदस्त नावही होतं. छापील कवितेला हा अर्थ पुरतो, पण गाण्याला तो पुरत नाही असं माझं ठाम मत आहे.

समजा, चाल आठ मात्रांच्या केरवा तालात आहे आणि ओळ अशी सुरू होते: ‘दूर डोंगरामागे … दिवा लावला’. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाच्या दोन मात्रा धरल्या, तर ‘दूर डोंगरा’ आठ मात्रा, ‘दिवा लावला’ आठ. मधल्या आठांपैकी ‘मागे’ने चार घेतल्या, चार उरल्या. तिथे ‘तेव्हा’ घातलं तर मात्रा बिनचूक बसतात, पण ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे गाणं कधीच सांगत नाही. हा अस्सल भरीचा शब्द. ‘कोणी’ घातलं की दिव्यामागे एक अनोळखी माणूस उभा राहतो. आणि ‘बाई’ घातलं तर? कोशातला अर्थ पाहिला तर तोही भरीचाच वाटेल. पण ‘बाई’ म्हणताच हे कुणीतरी कुणाला तरी सांगतंय हे कळतं, सांगण्यात जवळीक येते, गाणारीचा आवाजच बदलतो. लोकगीतांतले गं, रे, बाई, जी असेच आहेत. त्यांना भरीचे म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. माझी कसोटी एवढीच: शब्द काढून त्या जागी नुसता आलाप घेतला आणि काही हरवलं नाही, तर तो भरीचा.

याच ओळीत आणखी एक गोष्ट दिसते. बोलताना आपण ‘दूर्’ म्हणतो, शेवटचा अ गिळतो. गाताना मात्र त्या ‘र’ला पूर्ण एक मात्रा द्यावी लागते. मनात बोलून लिहिलेली ओळ गायला घेतली की लांबते, ती बहुधा यामुळेच. जिथे चाल स्वर ताणते तिथे आ, ए, ओ यांतलं काही आलं तर गळा मोकळा सुटतो. वरच्या पट्टीत ई ताणायला लावणं गायकाला जड जातं. ‘लावला’तला शेवटचा आ म्हणूनच कामाचा आहे. ठेक्याचा खंड ‘डोंगरा’ आणि ‘मागे’ यांच्यामध्ये पडतो, तेही चालून जातं, कारण तुटतो तो जोड, मूळ शब्द नाही. तोच खंड ‘डों’ आणि ‘गर’ यांच्यामध्ये पडला असता तर यतिभंग, म्हणजे शब्दाच्या मधेच पडलेला विराम, कानाला लगेच टोचला असता. ‘मीटरमध्ये बसतं’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच फरक निसटतो.

आता पालुपद. रोजच्या बोलण्यात या शब्दाची फारच नाचक्की झाली आहे. ‘तेच पालुपद लावू नकोस’ म्हणजे कटकट थांबव. गीतात मात्र पालुपदावरच सगळी भिस्त असते. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ येते, आणि कसबी गीतकार तिचा अर्थ दर वेळी थोडा पुढे सरकवतो. पहिल्या अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, वाट पाहणं असेल तर दिव्याची ओळ आशेची वाटते, दुसऱ्यात परतीची वाट बंद झाली असेल तर तीच ओळ जिव्हारी लागते. शब्द एकही बदललेला नसतो. अंतरा लिहायचा तो या वळणासाठी. नुसती यमकं जुळवून पुन्हा मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळीवर, आलं, तर मात्र ते बोलीतल्या अर्थाचं पालुपदच.

मुखडा, टेक, ध्रुवपद हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात. माझ्या मते मुखडा म्हणजे गाण्याचा दर्शनी भाग, आणि ध्रुवपद म्हणजे फिरून फिरून येणारं पद. दोन्ही एकच असायला हवीत असं नाही. तुकारामांच्या गाथेत ध्रुवपदाची खूण सहसा दुसऱ्या कडव्यापाशी असते, पहिल्या नव्हे. आणि ती खूण ‘ध्रु’ अशी आहे, कारण मूळ शब्द ध्रुव, म्हणजे स्थिर. गाण्यांच्या पुस्तकांत सर्रास ‘धृ’ छापतात, ते चूक आहे.