मदत हवी आहे: राजाच्या अभेद्य कवचात पळवाट कुठे ठेवू?

कोरांटी
कादंबरी अडकली आहे, लवकर सुचवा. राजाभोवती मंत्राचं कवच आहे. शस्त्र अंगाला लागत नाही, विष भिनत नाही, त्याचं वाईट चिंतणारा माणूस वाड्याचा उंबरठा ओलांडू शकत नाही. शेवटी तो मरायला हवा आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटता कामा नये. 'तेवढ्यात जास्त ताकदीचा मांत्रिक आला' हे नको.

अर्धविराम
कवच दिलं कोणी? कशाच्या बदल्यात? मारणारा कोण? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पिंपळपान
सरळ हिरण्यकशिपूचा मार्ग धरा. आत नाही, बाहेर नाही, दिवस नाही, रात्र नाही. उंबरठा तुमच्याकडे आयता आहे.

अर्धविराम
तो शेवट सगळ्यांना पाठ आहे हो. त्यापेक्षा रावण बघा. देव, गंधर्व, यक्ष, राक्षस सगळ्यांपासून अभय मागितलं, माणसांना मात्र खिजगणतीतही धरलं नाही. पळवाट राजाच्या स्वभावातून यावी.

निळीशाई
किंवा दुर्योधन. गांधारीच्या नजरेने अंग वज्राचं झालं, मांडी तेवढी राहिली.

पिंपळपान
ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही, मागाहून आलेली आहे. तिथे मांडीमागे मैत्रेय ऋषींचा शाप आणि भीमाची प्रतिज्ञा आहे. गांधारीची नजर पट्टीखालून पडते ती युधिष्ठिराच्या नखांवर, तीही युद्ध संपल्यावर.

निळीशाई
मागाहून आली म्हणून काय बिघडलं? त्यांना कादंबरी लिहायची आहे, प्रबंध थोडाच लिहायचाय!

तांबडंफुटलं
राजाचं नाव काय? तीन अक्षरी ठेवा, जोडाक्षर टाळा. आणि सुरुवातीला राज्याचा नकाशा हवाच.

कोरांटी
नाव ठरलेलं आहे, नकाशा नकोय. कवच आईने स्वतःचा जीव देऊन दिलंय. मारणारी त्याची सख्खी बहीण.

अर्धविराम
बहीण? मग ती उंबरठ्यावरच अडेल की!

कोरांटी
ती वाड्यातच जन्मली, कधी बाहेर पडलेलीच नाही.

सुईदोरा
मग झालंच की! शस्त्र लागत नाही म्हणजे वैद्याचंही लागत नाही. राजाच्या पाठीत गळू होऊ द्या. वैद्य खरोखर वाचवायला आलेला, म्हणून आत येऊ शकतो. तापवलेलं पातं टेकवतो, ते निसटतं. दुसरं घेतो, त्याची धारच जाते. ताप चढत राहतो. आईने ज्याने वाचवलं त्यानेच तो मरतो आणि एकही नियम मोडत नाही. फक्त पहिल्याच प्रकरणात दाखवून ठेवा की त्याच्या दाढीला वस्तरा लागत नाही, ती कमरेपर्यंत आलीय. वाचकाला ते राजेपणाचं लक्षण वाटेल.

पिंपळपान
यात बहिणीने काय केलं? गळू कोणालाही होतं. शिवाय जळवा लावता येतील, जळू म्हणजे शस्त्र नव्हे.

सुईदोरा
जळवा सुरुवातीला, सूज कच्ची असताना. पिकल्यावर चीरच द्यावी लागते, सुश्रुतसंहितेतही तेच आहे. पाठ राजाला स्वतःला दिसत नाही. @कोरांटी, त्याच्या अंगाला तेल कोण लावतं?

कोरांटी
बहीणच लावते. पहिल्या प्रकरणापासून.

सुईदोरा
मग तिला सूज दिसू द्या आणि गप्प बसवा.