वाटी नको, जड बाउल घ्या

घरात स्टीलची वाटी असताना दाढीच्या फेसासाठी वेगळा बाउल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मीही बरीच वर्षं वाटीच वापरली. पण स्टील पातळ असतं, गरम पाण्याने तापवलं तरी लगेच गार होतं. शिवाय तळ गुळगुळीत, त्यामुळे ब्रश नुसता घसरतो.

आता उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा चिनी मातीचा जाड बाउल आहे. तोंड साधारण १२ सेंमी, खोली ६. आतून कुंभाराच्या बोटांच्या गोल रेघा तशाच राहिल्यात आणि खरी गंमत तिथेच आहे. ब्रशचे केस त्या रेघांवर अडतात, हवा आत शिरते, मिनिटभरात फेस दह्यासारखा घट्ट होतो. अरुंद मग मात्र घेऊ नका, बोटांची पेरं काठावर आपटतात.

आधी बाउलमध्ये गरम पाणी भरून ठेवा, ब्रशही त्यातच भिजू द्या. मग पाणी ओतून टाका, ब्रश हलका झटका.

बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर बाउल कुठलाही घ्या, फेस खाली बसणारच. त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा साका होतो. तेवढ्यापुरतं कमी क्षारांचं पिण्याचं पाणी घ्या.